अलर्ट आला, पुढे काय?

आमच्या ऑफिसात एक साधा नियम आहे. ज्या अलर्टवर कुणी काही करणार नसेल, तो अलर्ट ठेवायचा नाही. सर्व्हरची डिस्क भरत आली, डेटाबेस रेंगाळायला लागला, रात्री चालणारा एखादा जॉब मध्येच मेला, की फोन वाजतो. त्या आठवड्यात ज्याची ड्यूटी असेल तो डोळे चोळत उठतो, अलर्टखाली लिहिलेल्या पायऱ्या बघतो आणि कामाला लागतो. म्हणजे अलर्टला एक मालक लागतो, त्या मालकाच्या हातात अधिकार लागतो आणि काय करायचं ते आधी लिहून ठेवलेलं लागतं. यातलं एक जरी नसेल तर तो नुसता आवाज. आणि आवाजाची माणसाला फार लवकर सवय होते. नवीन पोरं जॉइन झाली की पहिल्या महिन्यात प्रत्येक मेल उघडून बघतात, तिसऱ्या महिन्यात त्या मेलसाठी वेगळा फोल्डर करतात आणि सहाव्या महिन्यात तो फोल्डर कुठे आहे तेही विसरतात.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे हवा. गेली काही वर्षं हिवाळा लागला की हवेच्या प्रदूषणाचे अलर्ट सुरू होतात. पेपरात, टीव्हीवर, फोनवर. आज हवा वाईट, उद्या आणखी वाईट, काळजी घ्या. मला बरेच दिवस एक प्रश्न पडलाय. या अलर्टमुळे कुणाची तब्येत खरंच वाचते का? का हाही एक असा फोल्डर आहे, जो कुणीच उघडत नाही?

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी देहूरोडला राहतो. पुण्याबाहेरच्या मित्रांना देहूरोड म्हटलं की तुकाराम महाराजांचं देहू आठवतं. ते देहूगाव, इथून काही किलोमीटरवर. देहूरोड म्हणजे कॅन्टोन्मेंट, लष्कराचा डेपो, दारूगोळ्याचा कारखाना, लोकलचं स्टेशन आणि मधोमध जाणारा जुना मुंबई-पुणे हायवे. पलीकडे किवळ्याला एक्स्प्रेसवे संपतो आणि कात्रजकडे जाणारा बायपास सुरू होतो. वर तळेगावची एमआयडीसी, खाली निगडी-भोसरी, बाजूला चाकण. चाकणला तयार झालेल्या नव्या कोऱ्या गाड्या मोठ्या ट्रेलरवर चढून याच परिसरातून जातात, आणि ट्रेलर स्वतः मात्र दहा-पंधरा वर्षांचा असतो. त्यात रावेत, किवळे, पुनावळे या पट्ट्यात टॉवर उभे राहताहेत, म्हणजे खोदकाम, खडी आणि सिमेंटचे मिक्सर आलेच. बाल्कनीतल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत जी राखाडी साय जमते, ती बघायला कुठलं ॲप लागत नाही.

आता आकड्याकडे येऊ. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर थंडीत दर दोन दिवसांनी एक भांडण ठरलेलं असतं. एक जण त्याच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो: १५३, लाल रंग. दुसरा टाकतो: १००, हिरवा रंग. "तुझं ॲप बोगस आहे", "नाही, सरकार लपवतंय". गंमत म्हणजे दोघांचं ॲप एकच हवा मोजत असू शकतं.

भानगड अशी आहे. हवेत खरं मोजलं जातं ते एका घनमीटरमध्ये अमुक कण किती मायक्रोग्रॅम, हे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, जे थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही तर रक्तातही उतरतात. या मोजमापाचं शून्य ते ५०० च्या पट्टीवर रूपांतर केलं की एक्यूआय मिळतो. पण पट्टी प्रत्येक देशाची वेगळी. आपली राष्ट्रीय पट्टी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात पीएम २.५ जर ६० असेल तर एक्यूआय होतो १०० आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. तेच ६० अमेरिकेच्या पट्टीवर टाका, एक्यूआय जातो दीडशेच्या वर आणि शेरा मिळतो 'आरोग्याला अपायकारक'. हवा तीच, फुप्फुसंही तीच, फक्त मार्क देणारे मास्तर वेगळे.

दुसरी गोष्ट. सरकारी एक्यूआय हा कणांच्या बाबतीत मागच्या चोवीस तासांची सरासरी असतो. सकाळी सातला तुम्ही आकडा बघता, त्यात काल दुपारची बरी हवासुद्धा मिसळलेली असते. आणि आपल्याकडे थंडीत नेमकी सकाळच वाईट. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण. रात्रभराचा ट्रकचा धूर, शेकोट्या, कचऱ्याची जाळपोळ, सगळं त्या झाकणाखाली. ऊन चढून जमीन तापली, की नऊ-दहानंतर झाकण उघडतं. म्हणजे ज्या वेळी अख्खं देहूरोड 'शुद्ध हवा' खायला बाहेर पडतं, ती दिवसातली सगळ्यात घाण हवा असण्याची शक्यता जास्त. रोजच्या सरासरीत हे दिसतच नाही.

आता हा अलर्टचा उद्योग आपल्याकडे आला कुठून, तर आपल्याच गावातून! पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था आहे, आयआयटीएम. तिथे 'सफर' नावाची यंत्रणा तयार झाली. ती पहिल्यांदा वापरली गेली २०१० साली दिल्लीत, राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. स्पर्धेला आलेल्या जगभरच्या खेळाडूंना उद्याची हवा कशी असेल ते सांगायला. मग २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आणि २०१७ मध्ये अहमदाबादला. शहरात मोजणी केंद्रं आली, त्यांत भोसरी आणि निगडीही होती. चौकात एलईडीचे फलक लागले. कोणत्या भागात किती गाड्या, किती कारखाने, किती चुली याची यादी करून, तिला हवामानाच्या गणिताची जोड देऊन, पुढच्या दिवसांचा अंदाज सांगणं हे खरोखर अवघड काम आहे आणि ते आपल्या लोकांनी केलं, याचा मला अभिमान आहे. माझ्या फोनवर देहूरोड टाकलं की जवळचं केंद्र म्हणून निगडीचं ट्रान्सपोर्टनगर येतं. ट्रकच्या अड्ड्यात बसवलेलं यंत्र! म्हटलं, किमान मोजणारा तरी योग्य जागी बसलाय.

मोजलं, अंदाज सांगितला, फोन वाजला. मग तब्येत सुधारली का?

याचं उत्तर शोधणं दिसतं तितकं सोपं नाही. अलर्टच्या दिवशी हवा मुळातच वाईट असते, त्यामुळे त्या दिवशी दवाखान्यात गर्दी जास्तच दिसणार. त्यावरून 'अलर्टमुळे लोक आजारी पडतात' असा निष्कर्ष काढला तर छत्र्यांमुळे पाऊस पडतो असंही म्हणता येईल. कॅनडातल्या टोरंटोमध्ये काही संशोधकांनी यावर छान युक्ती काढली. तिथे हवेचा अंदाज एका ठरावीक आकड्याच्या वर गेला की अलर्ट द्यायचे, खाली असला की नाही. मग त्यांनी फक्त सीमेवरचे दिवस घेतले. आकडा रेषेच्या किंचित खाली असलेले आणि किंचित वर असलेले. हवा जवळजवळ सारखीच, फरक फक्त अलर्ट मिळाला की नाही एवढाच. ३४ मार्कांनी नापास आणि ३५ मार्कांनी पास झालेल्या पोरांची तुलना करावी तसं. २००३ ते २०१२ अशी दहा वर्षांची माहिती त्यांनी चाळली आणि २०१८ च्या सुरुवातीला 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' मध्ये निष्कर्ष छापला.

निष्कर्ष असा, की अलर्ट दिलेल्या दिवशी दम्यामुळे तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. हा आकडा छोटा नाही. पण हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, हृदयाच्या आणि श्वसनाच्या आजारांनी होणारे मृत्यू, यांत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही.

मी यावर बराच विचार केला. दम्यातच फरक का पडावा? मला वाटतं, कारण दमेकऱ्याला अलर्ट कळल्यावर काय करायचं ते माहीत असतं. पंप जवळ ठेवायचा, डॉक्टरांनी सांगितलेला डोस चुकवायचा नाही, आज धावपळ टाळायची, त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा ते ठरलेलं. म्हणजे मालक आहे, अधिकार आहे, पायऱ्याही आहेत. हृदयविकार असलेल्या माणसाला आपण काय सांगतो? 'काळजी घ्या.' म्हणजे नक्की काय करा?

हे मी घरातच बघतोय. माझ्या आईला दमा आहे. पूर्वी थंडीत दोन-तीनदा तरी नेब्युलायझरसाठी रात्रीअपरात्री धावपळ व्हायची. झाकणाचा तो प्रकार मी तिला कागदावर चित्र काढून समजावला. सकाळी सहाचं फिरणं थंडीपुरतं संध्याकाळी साडेचारला करायचं असं ठरलं. उन्हाळ्यात उलट, कारण तेव्हा दुपारच्या उन्हात ओझोन वाढतो. तिच्या फिरायच्या ग्रुपमधल्या काकू पहिले आठ दिवस रुसल्या, मग त्यातल्या दोघी आपण होऊन साडेचारला यायला लागल्या. पण कार्तिक आला आणि आईचा पहाटेचा काकडा सुरू झाला. मी म्हटलं, आई, ॲप बघ, आज लाल आहे. ती शाल गुंडाळत म्हणाली, "तुझ्या त्या मशीनला सांग, कार्तिक वर्षातून एकदाच येतो." झालं! शेवटी तह असा झाला, की काकड्याला जायचं, पण मास्क लावून, पंप पिशवीत ठेवून आणि रिक्षाने. मास्क म्हणजे एन ९५. साडीचा पदर किंवा रुमाल धूळ अडवतो, पीएम २.५ साठी त्याचा काही उपयोग नाही. गेल्या हिवाळ्यात तिला एकदाही रात्रीचं न्यावं लागलं नाही. एका माणसाच्या एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण टोरंटोच्या निष्कर्षाशी ते जुळतं एवढं खरं.

आता हाच अलर्ट दुसऱ्या टोकाला कसा पोचतो ते बघा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा मोठ्या तळमळीनं नोटीस काढली: 'हवेची गुणवत्ता खालावल्याने सर्वांनी शक्यतो घरात थांबावे व खिडक्या बंद ठेवाव्यात.' प्रिंट काढून गेटवर लावायला दिली. आमच्या वॉचमन काकांनी ती गम टेपने आपल्याच केबिनच्या बाहेर लावली. केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. तीन बाजूंनी पत्रा, चौथी बाजू उघडी, तोंड सर्व्हिस रोडकडे. ड्यूटी बारा तासांची. मी विचारलं, "काका, नोटीस वाचलीत का?" म्हणाले, "वाचली ना साहेब. घरात थांबायचंय. सातला सुटलो की थांबतो."

ते चिडून बोलले नव्हते. चेष्टाही नव्हती. पण मी मात्र तिथे उभा राहून यादी करायला लागलो, की ही नोटीस कोण पाळू शकतं? मी. मला वर्क फ्रॉम होम मिळतं, घरात प्युरिफायर घ्यायचा म्हटलं तर ईएमआय परवडतो. पण रस्ता झाडणाऱ्या मावशी, चौकातला ट्रॅफिक हवालदार, हायवेच्या कडेला वडापावची गाडी लावणारा, शिफ्टसाठी कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावर उभी असलेली पोरं, साइटवर खडी उचलणारे मजूर? यांच्यासाठी घरात थांबा म्हणजे आज पगार नको. आणि ते ज्या घरात थांबतील ते घर पत्र्याचं, फटींचं. आत मच्छर कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं, की एका कॉइलमधून जितके बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. म्हणजे घरात थांबण्यानं किती वाचणार हाही प्रश्नच.

दुसरा एक मजेदार अनुभव अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा. डोंगरांच्या खोलगटीत वसलेलं शहर, थंडीत धुराचं झाकण बसतं. तिथे अलर्ट देऊन लोकांना विनंती करायचे, गाड्या कमी काढा. काही संशोधकांनी त्या दिवसांची वाहतूक मोजली, तर ती कमी झालीच नाही, काही रस्त्यांवर उलट वाढलेली! विशेषतः शहराबाहेर डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर. प्रदूषण आहे म्हणून लोक गाडी काढून चांगली हवा खायला निघाले होते. हसू येतं, पण आपण काय वेगळं करतो? हवा खराब असली की लोणावळा!

बरं, क्षणभर धरून चालू की अलर्ट सगळ्यांनी पाळला. तरी किती फायदा? मला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा एक काल्पनिक शहर घ्या. वर्षात १० दिवस फार वाईट, पीएम २.५ रोज १५०. उरलेले ३५५ दिवस ४५, म्हणजे आपल्या पट्टीवर 'समाधानकारक', अलर्ट नाही. वर्षभराची बेरीज: वाईट दिवसांचे १,५०० आणि बाकीचे १५,९७५. एकूण १७,४७५. आता अलर्ट आला म्हणून तुम्ही ते दहाही दिवस घरात बसलात आणि तुमच्या वाट्याची घाण निम्मी झाली. वाचले ७५०. म्हणजे वर्षाच्या एकूण डोसातले साधारण ४.३ टक्के. याउलट अलर्ट वगैरे काही न देता रोजचे ४५ फक्त ४० वर आणले, तर वाचतात १,७७५, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त. आणि तेही सगळ्यांचे. वॉचमन काकांचे, मावशींचे, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचेसुद्धा.

हृदयाचे, फुप्फुसाचे दीर्घ आजार हे एखाद्या काळ्या दिवसापेक्षा वर्षानुवर्षं श्वासात जाणाऱ्या सरासरीशी जास्त जोडलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली. आपली राष्ट्रीय मर्यादा २००९ पासून ४० आहे. म्हणजे जे आपल्याकडे पास, ते त्यांच्या हिशेबात आठपट. आपल्या पट्ट्यात दिल्लीसारखे ४०० चे दिवस सहसा येत नाहीत, त्यामुळे आपण खूश. थंडीत बरेच दिवस 'मध्यम', म्हणजे १०१ ते २००. मध्यम म्हटलं की वाटतं, चहात साखर मध्यम, भाजीत तिखट मध्यम. पण सरकारी तक्त्यातच 'मध्यम' पुढे लिहिलंय, की दमा आणि फुप्फुसाचे आजार असलेल्यांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो. हृदयरोगी, लहान मुलं आणि वृद्ध यांनाही त्रास संभवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर थ्रेशोल्ड चुकीच्या जागी लावलाय. सिस्टिम रोज थोडी थोडी मरतेय, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

मग अलर्ट बंदच करायचे का? अजिबात नाही. आईच्या बाबतीत तो उपयोगी पडलाच. प्रश्न अलर्टचा पत्ता कोणता हा आहे. आज तो पत्ता 'नागरिक' असा आहे. नागरिकाच्या हातात खिडकी बंद करण्यापलीकडे फारसं काही नाही. धूर जिथून निघतो तिथला नळ ज्याच्या हातात आहे, फोन त्याचा वाजायला हवा.

असं होऊ शकतं याचं उदाहरण हवेचं नाही, उन्हाचं आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात तापमानाचा अंदाज आला की रंग ठरतो आणि रंग ठरला की कुणी काय करायचं ते ठरलेलं. एक जबाबदार अधिकारी, त्याच्याकडून दवाखान्यांना निरोप, पाण्याची सोय, कामगारांच्या वेळा. एका दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली आणला. २०१८ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले. थर्मामीटर आधीही होताच. नवीन होती ती यादी.

हवेच्या बाबतीत दिल्लीत २०१७ पासून 'ग्रॅप' नावाची टप्प्याटप्प्यांची योजना आहे. आकडा चढला की आधी धूळ आवरा, मग बांधकामं थांबवा, मग ट्रक अडवा. कल्पना बरोबर. पण ती लागू करायला उशीर का होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये खडसावून विचारलं. आणि बांधकाम थांबलं की त्या मजुराच्या चुलीचं काय, हाही प्रश्न आला. कामगार कल्याणाच्या उपकरातून त्यांना निर्वाहभत्ता द्या, असं न्यायालयालाच सांगावं लागलं. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा बिघडली तेव्हा महापालिकेनं बांधकामांसाठी नियम काढले. उंच इमारतींभोवती ३५ फुटी पत्रे लावा, पाणी मारा, राडारोडा झाकून न्या. उच्च न्यायालयानं आपण होऊन दखल घेतली. हे झालं, कारण आकड्याला काही काळ मालक मिळाला.

आमच्याकडे मालक कोण? हीच खरी गोची आहे. देहूरोडचं स्टेशन आणि बाजारपेठ कॅन्टोन्मेंट बोर्डाची. विकासनगर-किवळे पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. देहूगावाला नगरपंचायत, तळेगावला नगरपरिषद. कारखान्यांच्या धुराला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, हायवे वेगळ्याच खात्याचा आणि डेपो संरक्षण मंत्रालयाचा. दहा किलोमीटरच्या वर्तुळात इतके जण. किवळ्यात जाळलेला कचरा कॅन्टोन्मेंटची हद्द आली म्हणून थांबत नाही, पण त्याबद्दलची तक्रार मात्र बरोब्बर हद्दीवर थांबते.

मोठ्यांचं काही होईल तेव्हा होईल, म्हणून आम्ही आधी सोसायटीपुरतं करून बघितलं. नोटीस काढून टाकली आणि मीटिंगमध्ये आमचा स्वतःचा धूर कुठून निघतो याची यादी केली. जनरेटरची चाचणी रोज सकाळी सातला व्हायची, म्हणजे नेमकी झाकणाच्या वेळी, केबिनच्या शेजारी. ती आठवड्यातून एकदा दुपारी तीनला नेली. झाडलेला पाला मागच्या कोपऱ्यात पेटवायचे, त्याचा खड्डा करून खत करायला घेतलं. आवार कोरडं झाडण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा सुरू झाला. काकांना एन ९५ मास्क दिले. केबिन आतल्या बाजूला सरकवून चौथी बाजू काचेनं बंद करायचा विषय 'बजेट बघून' पुढच्या मीटिंगला गेलाय. तो मी सोडणार नाही. प्रत्येक कामापुढे एकाचं नाव लिहिलंय, आणि नाव लिहिल्याबरोबर ग्रुपवरचे स्क्रीनशॉट कमी झाले हे मी मुद्दाम नोंदवतो.

आता याच धर्तीवर एक पानभर अर्ज लिहायला घेतलाय. दोन प्रती, एक कॅन्टोन्मेंट बोर्डाला, एक महापालिकेला. मागण्या फार नाहीत. उद्याचा अंदाज 'मध्यम' च्या वरच्या टोकाला गेला की, 'गंभीर' होण्याची वाट न बघता, सफाईच्या मुकादमाला निरोप जावा: पाला-कचरा जाळायचा नाही, कोरडं झाडायचं नाही. शाळांना निरोप जावा: सकाळची कवायत दुपारी घ्या. दवाखान्याकडे दमेकऱ्यांची यादी असावी आणि आशाताईंनी आदल्या दिवशी फोन करून विचारावं, पंप आहे ना, संपला तर नाही ना. बांधकामांवर पाणी मारलं का ते बघायला कुणीतरी एक माणूस नावानिशी असावा. आणि या चार ओळींखाली चार नावं आणि चार फोन नंबर असावेत.

तुम्ही म्हणाल, अशा अर्जांचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे. असेलही. पण यात नवीन यंत्र विकत घ्यायचं नाहीये, टेंडर काढायचं नाहीये, त्यामुळे नाही म्हणायला कारण शोधावं लागेल. अर्जाची पोच घेऊन ठेवतो. उत्तर आलं तर एखाद्या शनिवारी इथेच लिहीन, आणि नाही आलं तर तेही लिहीन. आईनं अर्ज वाचून एकच दुरुस्ती सुचवलीय. म्हणाली, देवळांनाही कळवायला सांग, कार्तिकात काकडा थोडा उशिरा सुरू केला तर विठोबा काही रागावणार नाही.

ती ओळ मी पाचवी म्हणून घातलीय.